आय ज्याच्यासमोर बसत नव्हती

मंडळी, आधी एक माफी मागून घेते. या सदरातले अनुभव मी गेली चार वर्षं वाचतेय, आणि निव्वळ हसायला वाचतेय. दुपारी शाडू भिजत घातली की मोबाईल घेऊन बसायचं, कुणाला घाटात बाई दिसली, कुणाच्या गाडीत मागे कोण येऊन बसलं ते वाचायचं आणि खाली खोचक कमेंट टाकून मोकळं व्हायचं. 'साहेब, पोट साफ ठेवा' असं मी एका गृहस्थांना लिहिलं होतं. त्यांनी हे वाचलं तर मनावर घेऊ नये.

मी पुतळे करते. आधी माती, मग साचा, मग फायबर, मग रंग. डोळे रोखून बघणारी माणसं मी माझ्या हातांनी डझनांनी केली आहेत आणि ती आतून पोकळ असतात हे मला पक्कं माहीत आहे. अशा बाईला भूतबित काय दिसणार! आजही मी असल्या गोष्टी मानते असं नाही... म्हणजे, काय मानते ते मला नीट सांगता येत नाही. पण एक सांगता येतं. एका म्हातारीला आयुष्यात एकच गोष्ट नको होती – एक चेहरा परत बघायचा नव्हता – आणि मी तोच चेहरा हुडकला, घडवला, रंगवला आणि तिच्या पुढ्यात नेऊन बसवला. हे कुणी अमानवीय शक्तीने केलेलं नाही, मी केलंय.

मी नेरूळ पश्चिमेला राहते, आईबरोबर. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते, ते जाऊन सहा वर्षं झाली. सीवूड्स स्टेशनवरून खाडीच्या अंगाला गेलं की टॉवरांच्या मधे चेंगरलेलं एक जुनं गाव आहे. नाव देत नाही, माणसं अजून तिथेच आहेत. तिथले एक नाना माझ्याकडे आले. साठी ओलांडलेले, हातात कडं, गळ्यात चेन, पांढरी इनोव्हा. आगरी माणूस, बोलणं मोठ्याने आणि मन त्याहून मोठं, असं तेव्हा तरी वाटलं. जमिनी घेतल्यावर सिडकोने परत दिलेल्या साडेबारा टक्क्यांतल्या प्लॉटवर त्यांनी कमर्शियल बिल्डिंग उभी केली होती आणि तळमजल्याचा पुढचा हॉल भाड्याने न देता तिथे म्युझियम करायचं ठरवलं होतं.

"मॅडम, आमची पोरं विचारतात, आगर म्हंजे काय? मीठ पिकवायचो आमी, मीठ! आता कोनाला म्हायती नाय," नाना म्हणाले. "जाळी हायत, मडकी हायत, मीठ ओढायची लाकडी फावडी हायत. सगळं जमवलंय. फक्त दारात माजा बाप बसवायचा. एकदम जिवंत वाटला पायजे."

"फोटो द्या," मी म्हटलं.

"तीच तर बोंब हाय. फोटो नाय. मी दीड वर्षाचा व्हतो तेव्हा गेला तो. पन आय हाय ना! तिला विचारून काढा तुमी, ते पोलिसवाले चोराचं काढतात तसं."

म्हणून मी आयकडे गेले. नानांची आई, ब्याऐंशी-त्र्याऐंशीची असेल. सगळं गाव तिला आयच म्हणतं. ती बंगल्याच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि मांडीवर ताट ठेवून सुकट निवडत होती. डोक्यावर पदर नाही, केस पांढरे पण दाट. मी वही उघडली.

"आजी, नाक कसं होतं त्यांचं?"

"नाक व्हता."

"डोळे?"

"दोन व्हते."

मला हसू आलं. तिला नाही आलं. ती सुकटाची डोकी मोडत राहिली आणि मी रिकामं पान घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी नाना स्वतः उभे होते. "आय, आगं असं काय करतेस? संसार केलास ना त्याच्यासंगं? का हाटेलात भेटलीवतीस?"

"आठवत नाय," आय म्हणाली.

"बापासाठी एवढं पन नाय करनार तू?"

नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हातारी हट्टी हाय. तुमी सोडू नका." आणि मला तर चेवच चढला. कुणी सांगत नाही म्हटलं की मला काढून घ्यायचंच असतं, हा माझा जुना रोग आहे. घरी आईला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तिला नसंल आठवायचं. तू कशापायी उकरतीयास?"

"आई, तुला यातलं काही कळत नाही," मी म्हटलं. तो विषय मी तिच्याकडे पुन्हा काढला नाही.

मी माझी नेहमीची पद्धत वापरायची ठरवलं. दर बुधवारी मी मुंबईत जाते आणि दिवसभर पायी फिरते. फोर्ट, मस्जिद बंदर, भायखळा, गिरगाव – रस्ते आणि म्युझियमं, दोन्ही. म्युझियममध्ये मी मूर्ती बघायला जात नाही, मूर्ती बघणारी माणसं बघायला जाते. माणूस काचेपुढे उभा राहिला की तोंड सैल सोडतो, तेव्हा त्याचा खरा चेहरा सापडतो. तर म्हटलं, शंभर चेहरे काढू आणि आयसमोर टाकू. कुणाचं नाक, कुणाची हनुवटी... 'हे असं होतं' एवढं म्हणाली तरी माझं काम झालं. त्या दोन आठवड्यांत मी बुधवार सोडून इतर दिवशीही गेले. हमाल, टॅक्सीवाले, फुलवाले, कोर्टाबाहेरचे टायपिस्ट, सगळे काढले. प्रत्येक पानाखाली जागा लिहायची, ही माझी सवय.

तो एका जुन्या म्युझियममध्ये भेटला. मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा, गर्दी अजिबात नाही. वरच्या मजल्यावर एका काचेच्या कपाटात मातीची वीतभर माणसं आहेत, मुंबईतले जुने धंदे दाखवणारी. कपाटाशेजारी सिक्युरिटीवाल्या बाईचं स्टूल असतं. त्यावर तो बसला होता. चाळिशीच्या आतला, सुकलेला, गालफडं वर आलेली, बारीक मिशी. डाव्या कानाची पाळी नव्हती, फाटून गेल्यासारखी. पाय अनवाणी. मला वाटलं, सिक्युरिटीवालीचा कोणी गाववाला असेल, उन्हातून येऊन टेकलाय. मी समोरच्या बाकावर बसून काढायला लागले. दहा मिनिटं तो तसूभर हलला नाही. इतका चांगला बसणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता.

काढून झालं तशी तो कपाटातल्या मिठागरवाल्याकडे बोट करून म्हणाला, "पाय खोटं हायेत त्याचं."

मी बघितलं, खरंच होतं. मूर्तिकाराने पाय गुळगुळीत केले होते. मी म्हटलं, "तुम्हाला बरं माहीत!"

"कुठशी आयलीस?"

"नेरूळ."

मग त्याने खाडीकडच्या त्या गावाचं नाव घेतलं आणि विचारलं, "गाव हाय अजून?" मी म्हटलं, आहे की, बिल्डिंगांच्या मधे आहे. "कसा जायाचा?" म्हणाला. मी सांगितलं – सीएसटीवरून पनवेल गाडी पकडायची, सीवूड्सला उतरायचं, खाडीच्या बाजूने बाहेर पडायचं, मग रिक्षा. अगदी कुठल्या मंदिरापाशी वळायचं तेही सांगितलं. कुणालाही रस्ता सांगताना सांगतो तसं. त्याने मान हलवली. मी पान उलटलं आणि निघून आले. नानांच्या गावचं नाव त्याच्या तोंडी आलं याचं मला नवल वाटलं नाही, उलट बरं वाटलं. आगरी चेहरा मिळाला, नानांना आवडेल, एवढंच डोक्यात होतं.

शुक्रवारी वही घेऊन आयकडे गेले. ती तशीच खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली. मी शेजारी स्टुलावर बसून एकेक पान उलटत होते. हमाल – नाय. फुलवाला – नाय. टॅक्सीवाला – "ह्यो बेवरा हाय," म्हणाली. जरा खुलली होती त्या दिवशी. तिसाव्या-पस्तिसाव्या पानावर तो आला.

आयने पाय खाली घेतले. मांडीवरचं ताट ओट्यावर ठेवलं. डोक्यावर पदर ओढला, पार कपाळापर्यंत, आणि खुर्चीवरून उठून उभी राहिली. मान खाली घालून, भिंतीला टेकून.

मी बघतच राहिले. वहिनी, म्हणजे नानांची बायको, आतून चहा घेऊन येत होत्या, त्याही दारात थांबल्या. जुन्या बायका नवऱ्यासमोर बसत नसत, हे मला माहीत होतं. आमच्याकडेही होतं ते. माझी आजी, आजोबा अंगणात आले की, हातातलं टाकून उठायची. म्हणजे मी काढलेल्या एका पेन्सिलच्या चित्रासमोर ही बाई साठ वर्षांनी उठून उभी राहिली होती!

"आय, हेच ना?" मी विचारलं.

"नाय."

"आय, नीट बघा."

"नाय म्हनते ना. ह्यो नाय. पुरं कर."

पण ती खाली बसत नव्हती. मी वही मिटली तेव्हा बसली, आणि ताट परत मांडीवर घेतल्यावर तिचे हात त्यातलं सुकट इकडून तिकडे करत राहिले. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाने. मला वाटलं, किती ही माया... इतक्या वर्षांनी चेहरा दिसला आणि म्हातारी लाजली. लाजली! ही अक्कल माझी. सत्तेचाळीस वर्षांची बाई, माणसांचे चेहरे वाचायचा धंदा, आणि भीती आणि लाज यांतला फरक मला कळला नाही. तिने दोनदा 'नाय' म्हटलं होतं, तेवढं ऐकलं असतं तरी पुरे होतं.

त्याच पावली नानांच्या ऑफिसात गेले आणि सांगितलं, "सापडले तुमचे वडील." वहिनींनी फोनवर पदराचा प्रकार सांगितला तेव्हा नानांचे डोळे भरून आले. त्यांनी त्या वहीला हात लावून नमस्कार केला. आयला परत कुणीही काहीही विचारलं नाही.

पुतळा करायला दोन महिने लागले. असं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. बसलेला मिठागरवाला, गुडघ्यावर हात, शेजारी लाकडी फावडं. पाय मी भेगाळलेले केले. चेहरा वहीतून जसाच्या तसा उतरला, मला थांबून विचार करावाच लागला नाही. फक्त कानाची पाळी मी भरून काढली. फाटका कान दारात बरा दिसणार नाही असं मला वाटलं. नानांना विचारलंसुद्धा नाही.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. बॅण्ड, फेटे, नगरसेवक, सोसायट्यांमधली माणसं मोबाईल वर धरून उभी. आयला नवी हिरवी साडी नेसवून गाडीतून आणलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं की पुतळा त्या पानावरचा आहे. नानांना तिला सरप्राईज द्यायचं होतं. पडदा ओढला, टाळ्या वाजल्या, आणि आय जागच्या जागी थांबली. तिने पदर घेतला. लोकांनी अजून टाळ्या वाजवल्या. वहिनींनी तिच्या हातात ताम्हन दिलं. आयने ओवाळलं. नाना म्हणाले, "पाया पड आय, पाया पड," आणि तिने वाकून मी केलेल्या त्या फायबरच्या पायांवर डोकं ठेवलं. मी पहिल्या रांगेत होते. मला भरून आलं होतं, अगदी रडले मी.

गर्दी जेवणाकडे वळली तेव्हा आय अजून तिथेच उभी होती. मी शेजारी गेले. ती पुतळ्याच्या डाव्या कानाकडे बघत होती.

"कान कवा बरा झाला त्याचा?" तिने विचारलं.

वही मी तिच्यासमोर मिनिटभर धरली होती, आणि ती मान खाली घालून उभी होती. "कुठला कान, आय?"

"मीच तोरला व्हता. दातांनी." ती माझ्याकडे न बघता हळू आवाजात बोलत होती, कुणाला आमटीचं प्रमाण सांगावं तशी. "नानाचे आदी पोर व्हती पोटान. लाथ मारली त्यानी. पोर गेली. तवा चावली मी. मंग मना चार दिस उटता नाय आला."

मी म्हटलं, "आय, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"नाय बोलली ना मी. दोनदा बोलली."

बाहेर बॅण्ड वाजत होता. मग तिने बाकीचं सांगितलं. त्याला ताप आला. तीन दिवस पडून होता. पाणी मागत होता. तेव्हा घरात ती आणि दीड वर्षाचा नाना, बाकी सगळे आगरावर. "मी त्याचे म्होरं बसली," आय म्हणाली. "लगीन झाल्यापासना पयल्यांदा बसली. खाली, मांडी घालून. तो पानी पानी करत व्हता न मी बसून व्हती. तीन दिस. तो डोले फारून माजेकरं बघत व्हता, का ही बसलीच कशी." मग तिने पदर जरा पुढे ओढला. "आता बसवत नाय."

हे मी नानांना सांगायला हवं होतं. प्रयत्न केला, खोटं नाही सांगत. चार दिवसांनी त्यांच्या ऑफिसात गेले, म्हटलं, नाना, आयला त्या पुतळ्याचा त्रास होतोय, त्यांच्या काही जुन्या आठवणी... नाना हसले. "मॅडम, माजा बाप देवमानूस व्हता. कोनालापन विचारा गावात." एवढं बोलून त्यांनी मला मोबाईलवर रील दाखवलं. हॉलमध्ये पुतळा, पुतळ्यासमोर पदर घेतलेली आय उभी, खाली लिहिलेलं – आजही पतीसमोर बसत नाही ही माउली. हजारो लाईक. "आता रोज आनतो तिला, दहा ते पाच. खुर्ची ठेवलीय, पन बसत नाय! लोक तिलाच बघायला येतात." आणि मी, शहाणी बाई, गप्प बसले. त्याच रीलमुळे मला अजून दोन म्युझियमांची कामं आली होती.

मी महिनाभर तिकडे फिरकले नाही. वहिनींचा फोन आला की आयचे पाय सुजलेत, डॉक्टर बसा म्हणतात, ती ऐकत नाही. तुम्ही सांगून बघा, तुमचं ऐकेल. त्या दिवशी मी गेले. ती पुतळ्यापासून सहा फुटांवर भिंतीला टेकून उभी होती, घोट्यांवर कातडी चकाकत होती. शाळेची पोरं तिच्याबरोबर सेल्फी काढत होती. मला बघून म्हणाली, "तू केलास, तूच मोरून टाक." मी म्हटलं, आय, तो आता माझा नाही, नानांचा आहे. कसं सुचलं मला हे, कुणास ठाऊक!

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला त्या म्युझियममध्ये गेले. तो माणूस कोण, हे मला हवं होतं. कुणी नातेवाईक निघाला असता तर सगळं सुटत होतं – घराण्याचं तोंड सारखं असतं, कान योगायोग. वरच्या मजल्यावर स्टुलावर सिक्युरिटीवाली बाई बसली होती. मला बघताच ओळखलं तिने.

"काय मॅडम, आज दाखवणार का चित्र?"

"कुठलं?"

"अहो, माझं! त्या मंगळवारी तुम्ही समोर बसून माझं चित्र काढलंत ना. मी हललेसुद्धा नाही, मान अवघडली. आणि तुम्ही न दाखवताच गेलात. मला लई वाईट वाटलं."

मी तिला विचारलं, या स्टुलावर त्या दिवशी एक माणूस बसला होता ना? ती म्हणाली, स्टूल माझं आहे, दुसरा कोण बसेल. तुम्ही मधेच स्वतःशी बोलत होतात, सीवूड्सला उतरायचं वगैरे. मला वाटलं फोनवर आहात. मी वही काढून ते पान तिला दाखवलं. तिने बघितलं, परत बघितलं आणि वही माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाई, ही काय थट्टा झाली?" तिचा चेहरा पडला होता.

मग मी एकच करायचं ठरवलं. नानांना सांगितलं की फायबरला बारीक तडा गेलाय, रिपेअर करावं लागेल. सोमवारी हॉल बंद असतो. सोमवारी सकाळी दहाला ग्राइंडर घेऊन गेले आणि दीड वाजेपर्यंत त्या तोंडाचं काही ठेवलं नाही. गालफडं घासली, नाक बसकं केलं, मिशी काढली, पुटीने गाल भरले. कुणाचाही नाही असा गोल, झोपाळू चेहरा. रंग लावला. अडीचला नाना आले, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाले, "वा! चकाचक झाला." स्वतःचा बाप बदललेला त्यांना कळलाच नाही. ते फोनवर बोलत निघून गेले.

तीनला वहिनी आयला घेऊन आल्या. मी म्हटलं, आय, बघा. तिने आधी नजर खाली ठेवली. मग वर बघितलं. बराच वेळ. मग पदर डोक्यावरून खाली घेतला, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच बसली. तिच्या तोंडून 'हां' असा आवाज निघाला, पाय मोकळे झाल्याचा. वहिनी तोंडावर पदर धरून रडायला लागल्या. मलाही सुटल्यासारखं वाटलं. मी ब्रश पुसत होते.

एक मिनिटही झालं नसेल. आयने मान वर केली आणि माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघितलं. खुर्चीच्या दांड्याला धरून उठली. पदर कपाळापर्यंत ओढला.

मी वळून बघितलं. काचेचं दार, बाहेर ऊन, लावलेल्या बाईका. बाकी काही नाही.

"काय झालं, आय?"

"तवर एका जागी व्हता," ती म्हणाली. "मना ठाव व्हता त्यो कुठं बसलाय. पाचला घरा जावून बसाची मी. तू त्याचा तोंड कारून घेतलास, आता त्यो उटला." मग तिने माझं मनगट धरलं. तिच्या हाताला एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. "बाय, तू आनलास त्याला. तूच ने. काय करू नको तू, निस्ता म्हन – चल. एकदाच म्हन. त्यो तुजे मागं येल, तुजा ऐकतंय त्यो. मी मरेपरत बसन गं एका जागी. म्हन ना."

मला हसू आलं, घाबरल्यावर येतं तसलं. म्हणायचं काय होतं त्यात? मी मानते का असलं काही? दाराकडे तोंड करून दोन अक्षरं बोलायची, म्हातारीच्या समाधानासाठी. मी तोंड उघडलं. आणि मला आमचा नेरूळचा फ्लॅट दिसला. आई या वेळी एकटी असते, पुढच्या खोलीत जमिनीवर बसून भाजी निवडत असते, दार नुसतं लोटलेलं असतं...

मी मनगट सोडवून घेतलं. "आय, माझी रिक्षा थांबलीये बाहेर," म्हटलं. रिक्षा नव्हती. बॅग उचलली आणि दारातून अंग चोरून, एका कडेने बाहेर पडले. मागून आयचा आवाज येत होता, "म्हन गं, म्हन गं बाय..." मी कोपऱ्यापर्यंत मागे न बघता चालत गेले.

याला तीन महिने झाले. वहिनी अधूनमधून मेसेज करतात. आय आता घरी पण उभीच असते. जेवताना उभी, टीव्हीसमोर उभी, तोंड कधी या कोपऱ्याकडे, कधी त्या कोपऱ्याकडे. झोपेच्या गोळ्या देऊन आडवी करतात, जाग आली की उठून भिंतीला टेकते. पायांना जखमा झाल्यात. नाना लोकांना कौतुकाने सांगतात. मेसेजच्या शेवटी वहिनी दर वेळी लिहितात – ती तुमचं नाव घेते, एकदा येऊन जा, पाच मिनिटं.

कुणी स्पष्टीकरण मागू नका, माझ्याकडे नाही. तो कोण होता, सिक्युरिटीवालीच्या जागी मला कोण दिसलं, कान मला कुठून कळला, काही माहीत नाही. कमेंटमध्ये मला काय म्हणायचं ते म्हणा, माझ्यापेक्षा वाईट तुम्ही लिहू शकणार नाही. आमच्या बिल्डिंगखालून त्या गावाला शेअर रिक्षा जाते, दहा मिनिटं लागतात. मी अजून गेलेली नाही.